दुसरी वाट वेगळी हवी

चाळीस वर्षांत दोन तास. अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजने संगणकाच्या आज्ञांवर चालणारे पहिले मोठे टेलिफोन एक्स्चेंज रचायला घेतले, तेव्हा ते एकंदर किती वेळ बंद राहिलेले चालेल, याची अभियंत्यांनी स्वतःला घालून घेतलेली ही मर्यादा होती. म्हणजे वर्षाला जेमतेम तीन मिनिटे. त्या काळात बँकांतले आणि विद्यापीठांतले संगणक दुरुस्तीसाठी तासन्‌तास बंद राहत आणि कोणाची त्याबद्दल तक्रार नसे. टेलिफोनला मात्र ती सवलत नव्हती. आगीचा बंब, डॉक्टर, पोलीस, बाजारातले सौदे, सगळे त्या तारेवर अवलंबून होते. विशेष म्हणजे न बिघडणारे सुटे भाग त्या अभियंत्यांकडेही नव्हते. केव्हा ना केव्हा बिघडणारच, अशा भागांतूनच त्यांना अखंड चालणारी यंत्रणा उभी करायची होती.

हे काम टेलिफोनच्या जगाने कसे साधले, आणि साधल्यानंतरही त्याचा कुठे घात झाला, हा इतिहास आज प्रत्येक कार्यालयाने, रुग्णालयाने, बँकेने वाचायला हवा. कारण जी जबाबदारी शंभर वर्षे टेलिफोन कंपनीने वाहिली, ती गेल्या काही वर्षांत गुपचूप आपल्या खांद्यावर आली आहे.

सुरुवातीच्या काळात वेगळ्या राखीव यंत्राची गरजच फारशी भासत नव्हती. १८८२च्या जानेवारीत मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथे एक्स्चेंजे सुरू झाली, तेव्हा जोडणी माणसाच्या हाताने होत असे. एक दोरी तुटली तर ऑपरेटर दुसरी दोरी खोचत असे. पुढे आल्मन स्ट्रोजर या कॅन्सस सिटीतल्या अंत्यसंस्कार व्यावसायिकाने स्वयंचलित एक्स्चेंजचे पेटंट १८९१मध्ये मिळवले आणि पुढच्याच वर्षी इंडियाना राज्यातल्या ला पोर्ट गावात ते सुरू झाले. त्याची रचना पायरी-पायरीची होती. डायल केलेल्या एकेका आकड्यासरशी एकेक सिलेक्टर पुढे सरके आणि कॉल आपली वाट स्वतः काढत जाई. या यंत्राला एक मेंदू नव्हता. एखादा सिलेक्टर अडकला तर त्यातून जाणारा कॉल तेवढा फसे. ग्राहकाने पुन्हा डायल केला की त्याला दुसरा सिलेक्टर मिळे.

एका गटात किती लाइनी ठेवाव्यात, याचे गणित कोपनहेगन टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एरलांग या गणितज्ञाने बसवले. १९१७मध्ये प्रसिद्ध झालेले त्याचे सूत्र आजही टेलिफोन अभियंते वापरतात. गर्दीच्या तासाला शंभरातला एखादाच कॉल परत फिरावा, अशा बेताने लाइनी ठेवल्या की उरलेल्या वेळी त्यांतल्या बऱ्याच मोकळ्या असतात. गर्दीसाठी केलेली ही तरतूद बिघाडाच्या वेळी आपोआप राखीव म्हणून कामाला येई.

याच काळात टेलिफोनने विजेचा प्रश्न ज्या रीतीने सोडवला, तिच्यात माझ्या मते या विषयाचे सगळे शहाणपण आहे. १८९०च्या दशकापासून ग्राहकाच्या घरातली बॅटरी गेली आणि एक्स्चेंजमधली सामाईक बॅटरी आली. शिशाच्या दोन-दोन व्होल्टच्या चोवीस सेलची माळ, एकूण ४८ व्होल्ट. तिचे धन टोक जमिनीला जोडलेले, म्हणजे ओलाव्यात तांब्याची तार झिजणार नाही. बाहेरून आलेली वीज एसीचे डीसी करणाऱ्या रेक्टिफायरमधून जाई. रेक्टिफायर, बॅटरी आणि एक्स्चेंज ही तिन्ही एकमेकांना कायम जोडलेली असत. वीज गेली की काहीतरी सुरू करावे लागे, असे नव्हते. बॅटरी आधीपासून कामावरच होती. रेक्टिफायर थांबला की सगळा भार तिच्यावर येई, इतकेच. पुढे तास-दोन तासांत डिझेल जनरेटर लावला जाई. गावातले दिवे गेले तरी टेलिफोनचा डायलटोन का जात नसे, याचे उत्तर या रचनेत आहे.

यंत्रे हुशार झाली तसा धोका एका जागी गोळा होऊ लागला. स्ट्रोजरनंतर आलेल्या क्रॉसबार एक्स्चेंजमध्ये जोडणीचा निर्णय प्रत्येक कॉल स्वतः घेत नसे. मार्कर नावाची मोजकीच सामाईक यंत्रे सगळ्यांसाठी तो घेत. एक मार्कर बिघडला तर हजारो ग्राहकांना त्याची झळ लागे. संगणक आल्यावर तर सगळा निर्णय एकाच मेंदूकडे गेला. स्ट्रोजरच्या यंत्रात बिघाड म्हणजे एका कॉलचा घोटाळा होता. संगणकाच्या एक्स्चेंजमध्ये बिघाड म्हणजे अख्खे गाव मुके.

उपाय कागदावर आधीच मांडला गेला होता. १९५६मध्ये जॉन फॉन नॉयमन यांनी बेभरवशाच्या घटकांतून भरवशाची यंत्रणा कशी बांधता येईल, याचे गणित प्रसिद्ध केले. त्याच वर्षी बेल लॅबोरेटरीजमधल्या एडवर्ड मूर आणि क्लॉड शॅनन यांनी साध्या, चुकणाऱ्या रिलेंची योग्य जुळणी केली तर सर्किट हवे तितके विश्वासार्ह करता येते, हे दाखवले. आणि त्याच १९५६मध्ये अटलांटिक महासागराच्या तळाशी पहिली टेलिफोन केबल कार्यरत झाली. तिथे दुसरा रस्ता धरला होता. खोल समुद्रात दुरुस्ती अशक्यप्राय, म्हणून वर्धकांमधल्या ३०६ व्हॅक्यूम ट्यूब अत्यंत काळजीने घडवल्या आणि पारखल्या गेल्या. १९७८मध्ये ती केबल सेवेतून काढली, तोवर त्यांतली एकही निकामी झाली नव्हती. इतकी पारख प्रत्येक भागाची करणे जमिनीवर परवडणारे नव्हते. जमिनीवर जोडीचा मार्ग सोयीचा होता.

जोडीमागचे गणित साधे आहे. एखादे यंत्र शंभर तासांपैकी एक तास बंद राहते असे धरू. वर्षाकाठी ते साडेतीन दिवसांहून जास्त बंद पडेल. अशी दोन यंत्रे शेजारी ठेवली आणि एकाने दुसऱ्याचे काम उचलायचे असे ठरवले, तर दोन्ही एकदम बंद असण्याचा संभव दहा हजारांत एक होतो. साडेतीन दिवसांचे तासाभरापेक्षाही कमी उरले. पण या हिशेबात एक अट दडलेली आहे: एकाच्या बिघाडाचा दुसऱ्याच्या बिघाडाशी काहीही संबंध असता कामा नये. ही अट मोडली की गुणाकार संपला. दोन दोर एकाच खुंटीला बांधले तर खुंटी उखडताच दोन्ही जातात. पुढचा सगळा इतिहास या खुंटीचा आहे.

३० मे १९६५ रोजी न्यू जर्सीतल्या सक्कासुना गावी बेल लॅबोरेटरीजचे ते संगणकी एक्स्चेंज सुरू झाले. त्यात दोन मेंदू होते. दोघांनाही एकच काम, एकाच वेळी दिले जाई आणि दोघांची उत्तरे पुनःपुन्हा ताडून पाहिली जात. उत्तरे जुळली नाहीत की यंत्र स्वतःची तपासणी करी, दोषी बाजू कामातून बाजूला काढी आणि दुरुस्ती करणाऱ्यासाठी एक क्रमांक छापून देई. तंत्रज्ञ जाडजूड कोशात तो क्रमांक शोधी आणि कोणते कार्ड बदलायचे ते त्याला कळे. यातली खरी दृष्टी अशी की दुसरे यंत्र कोपऱ्यात झाकून ठेवलेले नव्हते. ते सतत राबत होते, म्हणून त्याचा बिघाडही लगेच कळत होता. राखीव यंत्र निजलेले असेल तर ते मेले आहे की झोपले आहे, हे गरजेच्या क्षणीच समजते. आणि तेव्हा उशीर झालेला असतो.

बेलच्या अभियंत्यांनी पुढे आपल्या एक्स्चेंजांच्या बंद राहण्याची कारणे प्रामाणिकपणे तपासली. सुट्या भागांचे बिघाड हे कारण एकूण बंद वेळेपैकी सुमारे एक पंचमांशच निघाले. मोठा वाटा दोन गोष्टींचा होता: बिघाड ओळखून दुसऱ्या बाजूवर जाण्याची क्रिया फसणे आणि माणसांच्या हातून होणाऱ्या चुका. म्हणजे दुसरे यंत्र आणल्याने पहिल्या यंत्राचा प्रश्न सुटला होता. आता कसोटी लागत होती ती एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याच्या क्षणाची.

पुढच्या काही मोठ्या दुर्घटनांनी याच्या जोडीला त्या सामाईक खुंटीचीही आठवण करून दिली. ८ मे १९८८ रोजी शिकागोजवळच्या हिन्सडेल इथे टेलिफोन एक्स्चेंजच्या इमारतीला आग लागली. त्या एकाच इमारतीतून हजारो स्थानिक ग्राहकांच्याच नव्हे, तर लांब पल्ल्याच्या, मोबाइलच्या आणि ओहेअर विमानतळाच्या वाहतुकीशी संबंधित लाइनीही जात होत्या. आत कितीही यंत्रे जोडीने असोत, छप्पर एकच होते. सेवा पूर्ववत व्हायला काही आठवडे लागले.

१५ जानेवारी १९९०चा प्रसंग याहून बोलका आहे. एटी अँड टी कंपनीच्या लांब पल्ल्याच्या जाळ्यात ११४ मोठी एक्स्चेंजे होती. दुपारी न्यूयॉर्कमधल्या एका एक्स्चेंजमध्ये किरकोळ अडचण आली आणि नियमाप्रमाणे ते काही सेकंद थांबून स्वतःला सावरून पुन्हा कामाला लागले. ते कामाला लागल्याचा संकेत शेजारच्या एक्स्चेंजांना गेला. तो संकेत नोंदवत असतानाच दुसरा संदेश आला तर नोंद बिघडावी, अशी एक चूक नुकत्याच बसवलेल्या नव्या प्रोग्राममध्ये राहून गेली होती. शेजारचे एक्स्चेंज त्यामुळे थांबले. त्याच्या राखीव मेंदूने काम हाती घेतले, पण त्याच्यातही तोच प्रोग्राम, तीच चूक, तोही थांबला. मग ते एक्स्चेंज सावरले आणि ‘मी कामाला लागलो’ असा संकेत त्याने आणखी शेजाऱ्यांना पाठवला. संकेतासंकेतासरशी बिघाड देशभर पसरला. सुमारे नऊ तास त्या जाळ्यावरचे निम्म्याच्या आसपास कॉल लागले नाहीत. एकही तार तुटली नव्हती, एकही कार्ड जळले नव्हते. प्रत्येक ठिकाणी दोन मेंदू होते, पण विचार दोघांचा एकच होता.

१७ सप्टेंबर १९९१ रोजी त्याच कंपनीच्या मॅनहॅटनमधल्या एक्स्चेंजमध्ये वीज, जनरेटर आणि बॅटरी असे तीन थर होते. वीज कंपनीशी झालेल्या करारानुसार जास्त मागणीच्या दिवशी एक्स्चेंजने स्वतःच्या जनरेटरवर जायचे असे. त्या दिवशी ते गेले, पण रेक्टिफायर बंद पडले आणि सगळा भार बॅटरीवर आला. धोक्याचे इशारे मिळत होते. त्यांच्याकडे पाहायला कोणी नव्हते. ज्यांनी पाहायचे ते तंत्रज्ञ धोक्याच्या सूचना देणाऱ्या नव्या यंत्रणेच्याच प्रशिक्षणाला गेले होते. सुमारे सहा तासांनी बॅटरी संपली, तेव्हा न्यूयॉर्क परिसरातल्या तिन्ही मोठ्या विमानतळांची वाहतूक विस्कळीत झाली, कारण हवाई नियंत्रकांच्या लाइनी त्याच एक्स्चेंजवर होत्या. राखीव व्यवस्थेने आपले काम चोख केले होते. तिने माणसांना सहा तासांची मुदत दिली. ती मुदत मोजायला कोणी हजर नव्हते.

आपल्याकडे ही दुहेरी रचना खेड्यापर्यंत नेण्याचे श्रेय सी-डॉटला द्यावे लागेल. १९८४मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेने धूळ, उकाडा आणि अनियमित वीज गृहीत धरून ग्रामीण एक्स्चेंज घडवले. १९८६मध्ये कर्नाटकातल्या कित्तूर इथे ते पहिल्यांदा बसले. वातानुकूलनाशिवाय चालणाऱ्या सी-डॉटच्या यंत्रांत नियंत्रणाची कार्डे जोडीने असत. ‘कॉपी झिरो’ आणि ‘कॉपी वन’ हे शब्द दूरसंचार खात्यातल्या एका पिढीच्या तोंडी बसले.

कार्यालयांच्या टेलिफोनची गोष्टही याच वाटेने गेली. ऑपरेटरच्या बोर्डाची जागा ईपीएबीएक्सने, म्हणजे कार्यालयाच्या स्वतःच्या स्वयंचलित एक्स्चेंजने घेतली. मोठ्या यंत्रात दोन पॉवर सप्लाय, दोन प्रोसेसर कार्डे, एक चालू आणि दुसरे तयारीत, अशी सोय आली. लहान यंत्रातही एक साधी, पण फार मोलाची युक्ती असे. वीज पूर्ण गेली आणि बॅटरीही संपली की आतला रिले स्वतःच्या स्प्रिंगने मागे येई आणि बाहेरची लाइन थेट एका ठरावीक एक्स्टेंशनला जोडली जाई. यंत्र मेले तरी पहारेकऱ्याच्या टेबलावरचा एक फोन जिवंत राही, कारण त्याला लागणारी वीज टेलिफोन कंपनीच्या बॅटरीतून तांब्याच्या तारेवरून येत होती. या युक्तीला वीज लागत नव्हती, प्रोग्राम लागत नव्हता, कोणाचे लक्षही लागत नव्हते. मी पाहिलेल्या राखीव योजनांत इतकी निर्दोष दुसरी नाही.

आज ती तार निघून गेली आहे. फायबरमधून प्रकाश येतो, वीज येत नाही. कार्यालयातला आवाज इंटरनेटच्या वाटेने दूरच्या डेटा सेंटरमधल्या यंत्राकडे जातो. टेबलावरच्या फोनला वीज स्विच देतो, स्विचला यूपीएस देतो. राउटर एक, फायबर पेटी एक. यातला कोणताही दुवा निखळला तर पूर्ण कार्यालय मुके होते. ब्रिटनने आपले जुने तांब्याचे टेलिफोन जाळे जानेवारी २०२७पर्यंत बंद करायचे ठरवले आहे. तिथल्या नियामकाने, वीज गेल्यावर घरच्या फोनवाचून ज्यांना मदत बोलावण्याचा दुसरा मार्ग नाही, त्यांना निदान एक तास पुरेल अशी व्यवस्था द्यावी, असे कंपन्यांना सांगितले. एक्स्चेंजमधली बॅटरी आणि डिझेल यांनी जे दिवसभर सांभाळले, त्याचे असे तासावर येणे हा छोटा बदल नाही.

नवे तंत्र वाईट आहे, असे माझे म्हणणे नाही. त्याने अंतर संपवले, खर्च उतरवला, कर्मचाऱ्याला घरातूनही कार्यालयाचा नंबर उचलता येऊ लागला. पण जुन्या तंत्रासोबत मिळणारी आणि बिलावर कधीच न दिसणारी सुरक्षा नव्या तंत्रासोबत आपोआप येत नाही. ती मागावी लागते, विकत घ्यावी लागते आणि मुख्य म्हणजे तपासावी लागते.

दोन कंपन्यांची इंटरनेट जोडणी घेतली की काम झाले, असे अनेकांना वाटते. ३० जानेवारी २००८ रोजी इजिप्तच्या अलेक्झांड्रियाजवळ समुद्रतळाच्या दोन वेगवेगळ्या केबल एकाच दिवशी तुटल्या आणि भारताची पश्चिमेकडची इंटरनेट क्षमता मोठ्या प्रमाणात गेली. केबलींचे मालक निराळे होते, पण समुद्राचा पट्टा एकच. ज्यांनी सिंगापूरकडून पॅसिफिकमार्गे जाणारी वाट आधीच घेऊन ठेवली होती, त्यांचे काम मंदावले पण थांबले नाही. हीच गोष्ट पुण्या-मुंबईच्या रस्त्यावर लहान प्रमाणात घडते. दोन कंपन्यांच्या फायबर एकाच चरातून किंवा एकाच खांबावरून इमारतीत येतात. जेसीबीचा एक फावडा दोन्ही बिलांचा फरक मिटवतो.

८ जुलै २०२२ रोजी कॅनडातल्या रॉजर्स कंपनीचे मोबाइल, घरचे फोन आणि इंटरनेट असे सगळेच बंद पडले. देखभालीच्या वेळी एका राउटरच्या रचनेत केलेला बदल त्याला कारण ठरला. सगळ्या सेवांचा गाभा एकच असल्याने एकही सेवा दुसरीला आधार देऊ शकली नाही. सव्वा कोटीच्या आसपास ग्राहकांना झळ बसली, देशभर डेबिट कार्डाचे व्यवहार अडले. आणि ज्यांनी दुरुस्ती करायची, ते कर्मचारीही एकमेकांशी बोलायला त्याच जाळ्यावर अवलंबून होते. या घटनेनंतर कंपनीने मोबाइल आणि तारेच्या सेवांचे गाभे वेगळे करण्याचे ठरवले. १९९०मध्ये शिकलेला धडा बत्तीस वर्षांनी पुन्हा गिरवावा लागला.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे: लहान दवाखान्याला किंवा दहा माणसांच्या कारखान्याला हे सगळे कसे परवडायचे? माझे उत्तर असे की महाग पडते ती हुबेहूब दुसरी प्रत. वेगळी वाट बहुधा स्वस्त असते. मुख्य जोडणी फायबरची असेल तर दुसरी दुसऱ्याच कंपनीच्या मोबाइल जाळ्यावरची घ्यावी. बोर्डाचा नंबर बंद पडला तर कॉल आपोआप एका मोबाइलवर वळेल, अशी सोय सेवा देणाऱ्याकडून आधीच करून घ्यावी. फोन, राउटर आणि फायबर पेटी या तिघांनाही पुरेल असा यूपीएस ठेवावा, कारण तिघांपैकी एकाला वगळले तर बाकी दोघांची बॅटरी वाया जाते. आणि फोन बंद असताना कोणाला, कोणत्या नंबरवर कळवायचे, ते कागदावर लिहून भिंतीला लावावे. त्या यादीसाठी इंटरनेट लागता कामा नये.

मोठ्या संस्थांकडून मात्र याहून जास्त मागायला हवे. रुग्णालये, वीज वितरण, अग्निशमन दल, बँका यांनी सेवा देणाऱ्या कंपनीकडून आपल्या दोन्ही मार्गांचा नकाशा लेखी घ्यावा: कोणत्या रस्त्याने, कोणत्या चरातून, कोणत्या इमारतीत. दोन्ही रेषा कुठे एकत्र येतात, ते बिंदू शोधावेत. दोन्ही बाजूंवर नवा प्रोग्राम एकाच दिवशी चढवू नये. ज्यांच्यासाठी धोक्याची घंटा वाजते, त्या माणसांची पाळी कधीही रिकामी राहू नये. निविदा काढताना ‘दुहेरी व्यवस्था’ एवढाच शब्द न लिहिता, ती दर तिमाहीला प्रत्यक्ष वळवून दाखवण्याची अट घालावी. मुख्य वीज मुद्दाम बंद करून पाहणे हा त्रास आहे, आणि तो सुट्टीच्या सकाळी पत्करलेलाच बरा.

टेलिफोनच्या अभियंत्यांनी माणसांना एक विश्वास दिला: रिसीव्हर उचलला की डायलटोन येणारच. त्यामागे चोवीस सेलच्या माळा होत्या, एकमेकांचे उत्तर ताडणारे दोन मेंदू होते, रात्रपाळीत घंटेकडे कान लावून बसलेली माणसे होती. तो विश्वास आपण वारशाने घेतला, पण त्याची निगा राखण्याचे काम अजून पुरते अंगावर घेतलेले नाही. ज्या संस्थेने गेल्या वर्षभरात आपली मुख्य लाइन स्वतःच्या हाताने बंद करून दुसरी चालते की नाही ते पाहिलेले नाही, तिच्याकडे दुसरी लाइन आहे असे समजू नये. या आठवड्यात ती चाचणी करावी, एवढीच विनंती.